आधी फाडा, मग दाबा : घरच्या खोलीतला ट्यूब ॲम्प

पाच वॅटचा ट्यूब ॲम्प घे, घरात भरपूर होतो, असं दुकानदारही सांगतो आणि बँडमधला मित्रही. ट्यूब म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह. त्यावर चालणारा हा गिटारचा ॲम्प्लिफायर आपण घेतो, दहा बाय दहाच्या खोलीत मांडतो, गिटार जोडतो. व्हॉल्यूम तीनवर असताना आवाज स्वच्छ पण मुळमुळीत. सातवर नेला की हवा तो भरलेला, किंचित खरखरणारा, सूर धरून ठेवणारा आवाज येतो. पण तोवर खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन उभ्या असतात. लग्नसराईत वरातीचा डीजे दारावरून तासभर हलत नाही तेव्हा सगळी गल्ली मुकाट्याने सोसते, गिटारला मात्र ती सवलत मिळत नाही.

पहिला संशय वॅटवर जातो. तो कितपत खरा आहे, ते आकड्यांतच बघू.

गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर थोड्या विजेत खूप आवाज काढतो. सेलेस्चन कंपनीचा ग्रीनबॅक घ्या. त्याला एक वॅट दिला की एक मीटरवर ९८ डेसिबल भरतात. पंधरा वॅट दिले तर साधारण ११०. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती परिसरातल्या आवाजाची आहे, मधे भिंती असतात, हे सगळं मान्य. तरी ११० आणि ४५ यांच्यातली दरी एका विटेच्या भिंतीने भरून निघत नाही. कानाचा हिशेब वेगळाच. अमेरिकेतली निऑश ही संस्था कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवते आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने १०० डेसिबल झेपतात फक्त पंधरा मिनिटं.

आता वॅट कमी करून बघा. वॅट निम्मे केले की तीनच डेसिबल उतरतात. आवाज निम्मा झाला असं कानाला वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे वॅट दहाव्या हिश्श्यावर आणावे लागतात. शंभर वॅटचा ॲम्प विकून पाच वॅटचा आणला तर तेरा डेसिबल कमी झाले. वॅट विसाव्या हिश्श्याएवढे झाले, पण आवाज जुन्याच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास राहतो. त्यात आणखी एक मेख आहे. छापील वॅट स्वच्छ आवाजाचे असतात. पूर्ण फाटलेला, म्हणजे सिग्नल झेपेनासा होऊन खरखरणारा ॲम्प त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. घरात इतरांना फार त्रास न देता वाजवायचं तर एक मीटरवर ७५ ते ८० डेसिबल बरे, आणि ग्रीनबॅकवर ८० डेसिबल काढायला सोळा मिलिवॅट लागतात, म्हणजे एका वॅटचा साठावा हिस्सा. वॅट कमी करत करत तिथवर पोचणं कठीण आहे.

म्हणून दोन कामं वेगळी करायची. आवाज फाडणं हे एक काम, तो मोठा करणं हे दुसरं. जिथे फाटायचा तिथे खुशाल फाटू द्यायचा आणि त्याच्या पुढच्या कुठल्यातरी टप्प्यावर दाबायचा. घरी ट्यूब ॲम्प वाजवायच्या बहुतेक सगळ्या युक्त्या या एका सूत्रातून निघतात. त्या कधी चालतात आणि कधी फसतात तेही त्यावरूनच कळतं.

लाट कापली जाते तेव्हा

तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या गिटारवरच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल किरकोळ असतो. हलक्या हाताने ०.१-०.२ व्होल्ट, हंबकर म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपवर जोरात मारलं तर एखादा व्होल्ट. ॲम्पमध्ये शिरल्यावर त्याची पहिली गाठ पडते ती १२एएक्स७ नावाच्या बोटाएवढ्या ट्यूबशी. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग, असतात आणि ॲम्पच्या सर्किटमध्ये एकेक ट्रायोड सिग्नल साधारण पन्नास-साठ पट करतो. ०.२ व्होल्टचे झाले दहा व्होल्ट. पुढच्या ट्रायोडची ग्रिड, म्हणजे सिग्नल शिरतो ती जाळी, मात्र जेमतेम दीड-दोन व्होल्ट शांतपणे घेऊ शकते. सिग्नल त्याच्या वर गेला की ग्रिड स्वतःच करंट ओढायला लागते आणि लाटेची ती बाजू गोलसर दबते. उलट दिशेला फार गेला की ट्यूबमधून वीज वाहायचीच थांबते आणि दुसरी बाजू कापली जाते. या दोन्ही बाजू सारख्या कापल्या जात नाहीत. तुमच्या ॲम्पवर ज्याला गेन म्हणतात तो नॉब बहुतेक वेळा या दोन टप्प्यांच्या मधे बसलेला असतो आणि दहातले किती व्होल्ट पुढे सोडायचे एवढंच तो ठरवतो.

कापलेल्या लाटेत मूळ सुराच्या पटीतले सूर जन्मतात. पाचवी तार मोकळी छेडली तर ११० हर्ट्झ, फाटल्यावर तीतून २२०, ३३०, ४४० आणि पुढचेही ऐकू येतात. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की तार घोडीला निसटती घासते आणि एका तारेतून सुरांचा पुंजका उठतो. ट्यूब हेच काम विजेत करते. लाट दोन्ही बाजूंनी असमान कापली तर २२० आणि ४४० सारखे सम पटीतले सूर जास्त मिळतात, आवाज जाड आणि गोड वाटतो. दोन्हीकडून सारखीच कापली तर ३३० आणि ५५० सारखे विषम पटीतले सूर वरचढ होतात आणि आवाजाला धार चढते.

दोन तारा एकदम वाजल्या की ट्यूब त्यांची वजाबाकीही करते. ए आणि ई, म्हणजे ११० आणि १६५ मिळून ५५ हर्ट्झ, खालच्या सप्तकातला ए. साधी दोन तारांची पॉवर कॉर्ड फाटल्यावर भिंतीसारखी उभी राहते ती यामुळे. मेजर कॉर्डमधला गंधार मात्र गिटारच्या पट्टीत १३८.६ हर्ट्झवर असतो, शुद्ध हिशेबाने तो १३७.५ वर हवा. एवढ्याशा फरकाने त्या वजाबाक्या कुठल्याच सुरावर बसत नाहीत आणि नुसता चिखल ऐकू येतो. सहाही तारा एका बोटाने दाबून धरलेली बॅरे कॉर्ड जास्त गेनवर घाण वाजते म्हणून लोक ॲम्प बदलायला निघतात. आधी कॉर्डमधला गंधार काढून बघावा, किंवा गेन दोन घर खाली आणावा.

फाटायच्या जागा

गिटारपासून कानापर्यंत आवाज फाटू शकतो अशा चार जागा आहेत : पेडल, प्रीॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या भागाच्या) छोट्या ट्यूब, पॉवर ॲम्पच्या (स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या भागाच्या) मोठ्या ट्यूब आणि शेवटी खुद्द स्पीकरचा कागद. जुन्या ॲम्पमध्ये यातल्या मधल्या दोन जागांच्या मधे दाबायची सोयच नव्हती. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२-६३ च्या सुमारास जेटीएम४५ तयार झाला तो अमेरिकेतल्या फेंडर बासमनच्या सर्किटवरून. त्या काळी सभागृहांतल्या ध्वनियंत्रणा दुबळ्या. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ॲम्पनेच पोचवायचा, म्हणून काही वर्षांत मार्शलचे शंभर वॅटचे ॲम्प आले. एकच व्हॉल्यूम नॉब. तो वर नेला की सगळंच एकदम वर जाणार. फाटलेला आवाज आणि कान बधिर करणारा आवाज यांची जोडी तिथे जमली, तीही नाइलाजाने.

ती जोडी मोडली मास्टर व्हॉल्यूमने, म्हणजे प्रीॲम्पच्या पुढे आवाज दाबणाऱ्या दुसऱ्या नॉबने. कॅलिफोर्नियात १९७० च्या आसपास रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या छोट्या ॲम्पांमध्ये फेरफार करता करता मेसा बूगीची सुरुवात केली. प्रीॲम्पमध्ये एक जादा टप्पा घालून तिथेच आवाज फाडायचा आणि पुढे मास्टरने दाबायचा, ही त्या घराण्याची रीत. मार्शलनेही १९७५ मध्ये मास्टर असलेला ॲम्प काढला. आज मिळणाऱ्या बहुतेक ट्यूब ॲम्पवर गेन आणि मास्टर असे दोन नॉब दिसतात.

मग तक्रार कसली? मोठ्या ट्यूब फाटल्याशिवाय खरी मजा नाही, असं जाणकार सांगतात. या मोठ्या ट्यूब म्हणजे ईएल८४, ईएल३४, ६व्ही६, ६एल६. त्यातली ईएल८४ आपल्याकडच्या जुन्या मंडळींच्या हातातून गेलेली आहे. परभणीत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांना मी ॲम्प मागून उघडून दाखवला तर ते हसले. "हा तर रेडिओतला व्हॉल्व्ह. ह्याच्यासाठी कान कशाला फोडून घ्यायलास?" त्यांच्या कपाटात बीईएलच्या खोक्यातल्या ईएल८४ अजून होत्या. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये साठच्या दशकापासून असे व्हॉल्व्ह बनत होते. मोठ्या व्हॉल्व्ह रेडिओंपैकी अनेकांत शेवटची ट्यूब हीच असायची. एकटीने काम केलं तर ती चार-पाच वॅट देते. व्हॉक्सच्या एसी१५ मध्ये अशा दोन असतात, एसी३० मध्ये चार.

मोठ्या ट्यूब फाटतात तेव्हा वेगळं काहीतरी घडतं हे खरं आहे. दोन-दोन ट्यूब आळीपाळीने ढकलतात त्या रचनेत लाट दोन्हीकडून जवळजवळ सारखी कापली जाते. जोरात मारलं की वीजपुरवठा क्षणभर बसतो, विशेषतः एसीचं डीसी करणारा रेक्टिफायरही ट्यूबचा असला तर, आणि मग सावरतो. बोटाखाली तो मऊपणा जाणवतो. स्पीकरचा कागदही आपल्या परीने भर घालतो. मास्टर खाली ओढलेल्या ॲम्पमध्ये यातलं फारसं काही उरत नाही.

पण माझं मत विचाराल तर या गमावलेल्या गोष्टीचं जरा जास्तच कौतुक होतं. घरी आपल्याला खटकतं त्यातला मोठा भाग कानाचा असतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू झाला की कानाला खालचे सूर फार कमी आणि अगदी वरचे थोडे कमी ऐकू येतात. तोच ॲम्प, तेच सेटिंग, पण ८० डेसिबलवर तो ११० डेसिबलपेक्षा बारीक वाटणारच. उलट बाजूने बघा. साठ-सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डवरचे ॲम्प स्टुडिओत बोंबलत होते. आपण तीच रेकॉर्ड रात्री मोबाइलवर हळू लावतो तरी गिटार गोडच लागते. फाटण्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं, आवाज नंतर कमी झालेला असतो.

नॉब फिरवताना

सर्वांत जास्त गोंधळ बासच्या नॉबचा होतो. घरी आवाज बारीक वाटतो म्हणून माणूस बास आठवर नेतो, मिडल तीनवर आणतो, गेन नऊवर ठेवतो. एकट्याने वाजवताना बरं वाटतं. बँडमध्ये गेल्यावर तोच आवाज कुठे जातो ते कळत नाही, कारण गिटार ओळखू येते ती मधल्या सुरांत, आणि ते आपणच काढून टाकलेले असतात.

बास वाढवायला हरकत नाही, पण तो फाटण्याच्या आधी वाढतोय की नंतर हे बघावं. खालच्या सुरांच्या लाटा सगळ्यांत मोठ्या असतात. त्या फाटण्याच्या आधी फुगवल्या तर ट्यूबची सगळी जागा त्याच खातात आणि त्यांच्यावर बसलेले वरचे सूर अडखळत, फर्रफर्र करत बाहेर पडतात. फाटून झाल्यावर वाढवल्या तर नुसता भरीवपणा येतो. आता ॲम्पच्या घराण्यांतला फरक बघा. साठच्या दशकातल्या फेंडरमध्ये टोनचे नॉब पहिल्या टप्प्यानंतर लगेच येतात, म्हणजे बरंचसं फाटणं त्यांच्या पुढे होतं. मार्शलमध्ये ते प्रीॲम्पच्या शेवटाला असतात, प्रीॲम्पचं फाटणं त्यांच्या मागे झालेलं असतं. म्हणून मार्शलच्या जातीच्या ॲम्पवर घरी बास सहा-सातवर चालतो. फेंडरच्या जातीच्या ॲम्पवर आवाज फाडायचा तर बास दोन-तीनवर आणावा लागतो, कधी कधी एकवर. आपला ॲम्प कुठल्या जातीचा, हे मॅन्युअल वाचून किंवा कानाने ठरवता येतं : गेन भरपूर ठेवून सहावी तार तळहाताने दाबून वाजवा आणि बास शून्यापासून वर न्या. आवाज फुगत गेला तर नॉब फाटण्याच्या नंतर आहे, फुसफुसायला लागला तर आधी.

ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल घरी कामाला येतं तेही याच कारणाने. नावात ट्यूब असली तरी त्याच्या आत एकही ट्यूब नसते. ते खालचे सूर कमी करून मधले पुढे ढकलतं. त्याचा ड्राइव्ह अगदी कमी, लेव्हल जवळजवळ पूर्ण, आणि ॲम्पचा गेन नेहमीपेक्षा थोडा खाली. पेडल ॲम्पच्या पहिल्या ट्यूबला ढोसतं, ती आवरशीर फाटते आणि मास्टर पुढे असल्याने आवाज फारसा वाढत नाही. हेच पेडल इफेक्ट लूपमध्ये, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्या मधे बाहेरचं काही जोडायच्या सेंड-रिटर्न जॅकमध्ये, लावलं तर काय होईल? तिथे ते फाटण्याच्या पुढे येतं, मग लेव्हल वाढवली की नुसता आवाज मोठा होतो.

आणखी एक अडचण मास्टरचीच आहे. घरी पुरेल असा आवाज बहुतेक ॲम्पवर शून्य आणि एक यांच्या मधल्या केसभर जागेत सापडतो. जरा बोट लागलं की एकदम ओरडतो, जरा मागे घेतला की गप्प, आणि काही ॲम्पवर तेवढ्या खाली आवाजाचा रंगही बदलतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे इफेक्ट लूपच्या सेंड आणि रिटर्नमध्ये एक साधं व्हॉल्यूम पेडल किंवा एका पॉटची (फिरवायच्या रेझिस्टरची) डबी. मास्टर चार-पाचवर न्या आणि डबीने दाबा. इलेक्ट्रॉनिक्सचं थोडं ज्ञान असलेला कुणीही ती डबी पाचशे रुपयांच्या आत करून देऊ शकतो, कारण आत एक पॉट आणि दोन जॅक याखेरीज काही नसतं. लूपवर फार मोठे व्होल्टेज नसतात, म्हणून हे घरी करायला हरकत नाही. ॲम्पची पेटी मात्र स्वतः उघडू नये. आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढून ठेवल्यावरही कपॅसिटर ते बराच वेळ धरून ठेवतात.

मोठ्या ट्यूब फाडायच्याच असतील तर

तर दाबायची जागा उरते ॲम्प आणि स्पीकर यांच्या मधे, आणि तिथे बसतो अटेन्युएटर. तो ॲम्पची ताकद उष्णतेत घालवतो आणि थोडी स्पीकरला देतो. पंधरा वॅटच्या ॲम्पवर त्याने बारा डेसिबल दाबले तर स्पीकरला जवळजवळ एक वॅट मिळतो, म्हणजे पुन्हा ते ९८ डेसिबल आलेच. ८० पर्यंत यायला तीस डेसिबल दाबावे लागतात आणि साध्या, नुसते रेझिस्टर असलेल्या अटेन्युएटरवर एवढं दाबलं की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. खरा स्पीकर ॲम्पला प्रत्येक सुरावर सारखा विरोध करत नाही. सत्तर ते शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा विरोध छापील आठ ओहमच्या कितीतरी पट होतो, वरच्या सुरांकडेही चढत जातो. ट्यूब ॲम्प त्या चढउतारांना प्रतिसाद देत असतो. रिॲक्टिव्ह लोड प्रकारचे अटेन्युएटर हे चढउतार कॉइल आणि कपॅसिटर वापरून उभे करतात. ते महाग असतात, पण फरक ऐकू येतो.

दोन गोष्टी इथे चुकवायच्या नाहीत. स्पीकर किंवा लोड (स्पीकरच्या जागी ॲम्पची ताकद झेलणारी पेटी) न जोडता ट्यूब ॲम्प चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळू शकतं की तो जळतो, आणि तसाच नेमका बदली मिळणं लातूर-नांदेडात सोडा, पुण्यातही मुश्कील. आणि ॲम्प ते अटेन्युएटर ही वायर स्पीकरचीच हवी, गिटारची बारीक केबल चालत नाही. आवाज हळू येत असला तरी आतल्या ट्यूब पूर्ण ताकदीने राबत असतात आणि तेवढ्याच लवकर झिजतात, हेही खर्चात धरा.

खोलीचा वाटा

नवीन अपार्टमेंटची दहा बाय दहाची खोली म्हणजे गिटारला शाप. दोन समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असलं की ५६ आणि ११३ हर्ट्झच्या आसपासचे सूर त्यांच्यात अडकून घुमतात. खोली चौरस असल्याने दोन्ही दिशांना तेच. ११३ हर्ट्झ म्हणजे मोकळ्या पाचव्या तारेच्या अगदी शेजारी. ती एक तार घुमते आणि बाकीच्या नाहीत, याचं खापर ॲम्पवर फुटतं. ॲम्प कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मध्याच्या थोडा बाजूला ठेवा, खोली लांबट असल्यास लांबीच्या दिशेने तोंड करून. फरशीवर थेट ठेवला तर खालचे सूर आणखी फुगतात, म्हणून स्टुलावर ठेवा. स्टुलाचा दुसरा फायदा मोठा आहे. बारा इंची स्पीकरचे तीक्ष्ण सूर सरळ समोर झेपावतात. ॲम्प पायाशी असला की ते गुडघ्याला लागतात, कानाला नाहीत, मग आपण ट्रेबल आठवर नेतो आणि तो शेजारच्या खोलीत टोचतो. ॲम्प कानाच्या उंचीला आणला की ट्रेबल चारवर आपोआप येतो.

भिंतीला दोन जाड वाकळी टांगल्या तर वरचे सूर शोषले जातात आणि खणखणाट थांबतो. खालचे सूर त्यांना जुमानत नाहीत. अंड्याचे ट्रे चिकटवून खोली 'साउंडप्रूफ' करायचा नाद सोडून द्यावा, आवाज बाहेर जाणं थांबतं ते भिंतीच्या वजनाने. त्या बाबतीत गावाकडची पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाड भिंतींची माळवदाची खोली कुठल्याही नव्या बांधकामाला मागे टाकते. पत्र्याची खोली सगळ्यांत वाईट. तिथे प्रत्येक खिळा स्वतःचा ओव्हरड्राइव्ह वाजवतो.

लाइन, अर्थिंग आणि मे महिना

अमेरिकेतला गिटारवादक एडी व्हॅन हेलन ॲम्पला मिळणारं व्होल्टेज व्हेरिॲक लावून कमी करायचा, हा गिटारवाल्यांचा आवडता किस्सा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी हे काम लाइनच करते. २३० च्या जागी १९० मिळाले की ॲम्प मऊ आणि लवकर फाटणारा होतो, आणि काही जणांना तो आवाज आवडतोही. पण ट्यूबच्या आतल्या हीटरचे ६.३ व्होल्टही त्याच प्रमाणात खाली येतात आणि कायम तसं चालवणं ट्यूबला मानवत नाही. रात्री उशिरा भार उतरला की उलट व्होल्टेज चढतं, ते जास्त वाईट. म्हणून स्टॅबिलायझर लावा, शक्य असेल तर सर्वो प्रकारचा. साध्या रिलेच्या स्टॅबिलायझरने पायरी बदलली की ती 'टक' ॲम्पमधून ऐकू येते. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ॲम्प चालवलात तर गिटारपेक्षा गुणगुणच जास्त ऐकाल. कुणी नातेवाइकाने अमेरिकेहून ॲम्प आणला असेल तर तो १२० व्होल्टचा असण्याची शक्यता धरून मागची पट्टी आधी वाचा. थेट बोर्डात खुपसला तर काही सेकंदांत संपेल.

अर्थिंगकडे कुणी बघत नाही. गेन जास्त ठेवला की गुणगुण, खरखर सगळंच कित्येक पटींनी वाढतं, आणि तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं हे साधारण असलं तरी हाताला झिणझिण्या येणं मुळीच साधारण नाही. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा उपयोग कमी होतो. मिठा-कोळशाच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची जुनी सवय त्यासाठीच होती. एकदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन कापणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. ती पिन जीव वाचवायला असते. जुना फॅनचा रेग्युलेटर आणि स्वस्तातला एलईडी दिवा बंद करून बघा, अर्धी खरखर तिथेच जाते.

रात्री दहानंतर वाजवायचं असेल तर रिॲक्टिव्ह लोड बॉक्स घ्या, स्पीकर जोडूच नका, आणि इम्पल्स रिस्पॉन्स लावून हेडफोनवर ऐका. हा इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे एखाद्या खऱ्या स्पीकरचा आणि मायक्रोफोनचा मोजलेला ठसा असतो. तो नसेल तर ट्यूब ॲम्पचा आवाज माशी भणभणल्यासारखा येतो, कारण बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढचं बरंच काही गिळत असतो आणि हेडफोन ते सगळं ऐकवतो. अशा वेळी खोली शांत असली तरी ॲम्प आणि लोड बॉक्स दोन्ही चांगलेच तापतात. मे महिन्यात खोलीचं तापमान आधीच चाळिशीला टेकलेलं असतं, तेव्हा ॲम्पच्या मागे आणि वर वीतभर मोकळी जागा ठेवा, लोड बॉक्स ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका, आणि कूलरच्या ओल्या हवेच्या झोतात तर दोन्ही नकोच.